लातूरहून सिंगापूरला: जहाजावर पहिल्यांदा रुजू होताना

परवा रात्री उदगीरकडच्या एका पोराचा फोन आला. "दादा, सिंगापूरला जॉइनिंग आलंय. एजंट म्हणायलाय, व्हिसाचे अजून साठ हजार भर. भरू का?" मी विचारलं, "पत्रावर लायसन्स नंबर आहे का?" तो म्हणाला, "पत्र अजून हातात नाही, व्हॉट्सॲपवर फोटो आलाय." एक रुपयाही भरू नकोस म्हणून सांगितलं आणि फोन ठेवल्यावर हे लिहायला बसलो.

मी औसा तालुक्यातला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा मी लातुरात खोली करून अकरावीला होतो. पुढे जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशी होण्याचा, सहा महिन्यांचा कोर्स केला आणि पहिलं जहाज सिंगापूरला पकडलं. आता एबी, म्हणजे अनुभवी खलाशी आहे, त्या बंदरात कितीतरी वेळा जाऊन आलोय. कोकणातल्या पोराच्या घरात कुणी ना कुणी काका-मामा जहाजावरचा असतो, तो त्याला सगळं सांगतो. आपल्याकडे सांगणारं माणूस नसतं, म्हणून आपली पोरं एजंट सांगेल ते खरं मानतात. त्या काका-मामाने जे सांगितलं असतं, ते इथे क्रमाने लिहितो.

हे लिहिलंय कोर्स संपवून पहिल्या जॉइनिंगची वाट बघणाऱ्यांसाठी. ज्यांचा कोर्स व्हायचाय त्यांना एवढंच सांगतो: दहावीला विज्ञान, गणित, इंग्रजी हवं, इंग्रजीत किमान ४० टक्के हवेत आणि संस्थेला डीजी शिपिंगची, म्हणजे नौवहन महासंचालनालयाची मान्यता हवी. आणि फी भरण्याआधी रंग ओळखायची डोळ्यांची तपासणी करून घ्या. लाल-हिरवा ओळखता येत नसेल तर डेकवर घेत नाहीत. सगळी फी भरून झाल्यावर हे कळलेली पोरं मी पाहिली आहेत.

१. पैसे मागितले की तिथेच थांबा

जहाजावरची नोकरी देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. सागरी कामगारांसाठीचा २००६ चा एमएलसी करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला आणि त्यात हे स्पष्ट लिहिलंय. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची नोंदवही) आणि मेडिकल यांचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. नोकरी लावून देण्याचा मोबदला जहाजमालकाने द्यायचा असतो.

आपल्या देशात खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन्स लागतं. जॉइनिंगचं बोलणं सुरू झालं की पहिल्याच दिवशी तो नंबर मागा. मग डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर कंपनीचं नाव शोधा. नाव आहे का आणि लायसन्स आज चालू आहे का, या दोन्ही गोष्टी बघा, कारण रद्द किंवा स्थगित झालेल्या लायसन्सचं पत्र दाखवणारेही आहेत. फोन करायचा तो वेबसाइटवरच्या नंबरवर. पत्रावर छापलेल्या नंबरवर केलात तर पत्र बनवणाराच उचलेल.

त्यानंतर जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर मागा. प्रत्येक मोठ्या जहाजाला सात आकडी आयएमओ नंबर असतो. जहाजाचं नाव बदललं, मालक बदलला, झेंडा बदलला तरी नंबर तोच राहतो. नंबर टाकून इंटरनेटवर शोधलं की जहाज कुठल्या प्रकारचं, किती जुनं आणि साधारण कुठे आहे ते दिसतं. सिंगापूरला जॉइनिंग सांगतात आणि जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला दिसतंय, तर कंपनीला सरळ विचारा. खऱ्या कंपनीला या प्रश्नाचा राग येत नाही.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका पोराने दोन एकर गहाण टाकून साडेतीन लाख दिले. त्याला टुरिस्ट व्हिसावर बाहेर पाठवलं, एका खोलीत बारा जणांबरोबर महिनाभर ठेवलं आणि शेवटी एका जुनाट टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या छोट्या बोटीवर चढवलं. करारच नव्हता, तर पगार कुणाकडे मागणार? तो परत आला, जमीन अजून सुटलेली नाही. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर वर्क परमिट करून देतो" असं कुणी म्हणालं तर ते बोलणं तिथेच संपवा.

२. सगळ्या कागदांवर नाव एकच आहे का बघा

हे काम घरी बसून करायचं आहे आणि जॉइनिंगच्या कितीतरी आधी करायचं आहे. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात आणि तुमचं नाव वेगळ्या रकान्यात असतं. आधारवर तिसरीच तऱ्हा. त्यात आपल्याकडची नावं: माणिकराव, दत्तात्रय, ज्ञानेश्वर. इंग्रजीत "माणिकराव" एका कागदावर जोडून, दुसऱ्यावर तोडून. "ज्ञानेश्वर"चं स्पेलिंग तर मी चार प्रकारे पाहिलंय.

इंडॉस नंबर (खलाशाचा सरकारी ओळख नंबर), सीडीसी, कोर्सची सर्टिफिकेटं आणि विमानाचं तिकीट यांवरचं नाव पासपोर्टशी अक्षर-अक्षर जुळलं पाहिजे. म्हणून पहिल्यांदा पासपोर्ट नीट करून घ्या आणि पुढचा प्रत्येक फॉर्म तो समोर उघडा ठेवून भरा. सायबर कॅफेवाल्याला तोंडी नाव सांगू नका. माझ्या एका सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावातलं एक अक्षर गळालं होतं. ते दुरुस्त करायला लातूर एक्स्प्रेसने मुंबईच्या दोन खेपा झाल्या.

३. कोणते कागद लागतात

पहिल्या जॉइनिंगला साधारण हे लागतं:

– पासपोर्ट. मुदत भरपूर शिल्लक हवी. कंत्राट नऊ महिन्यांचं आणि पासपोर्ट दहा महिन्यांत संपतोय, असं चालत नाही.
– सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही. दहा वर्षं चालते.
– इंडॉस नंबर. पाठ करून ठेवा, जागोजागी विचारतात.
– एसटीसीडब्ल्यूचे, म्हणजे खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचे पायाभूत कोर्स: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा आणि जहाजाच्या सुरक्षेची कामं. तेलाच्या किंवा गॅसच्या जहाजावर जाणार असाल तर त्याचा वेगळा कोर्स.
– जीपी रेटिंगचं सर्टिफिकेट.
– डीजी शिपिंगची मान्यता असलेल्या डॉक्टरचं मेडिकल. गावच्या एमबीबीएस डॉक्टरचं चालत नाही. अठरा वर्षांवरच्यांना ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं.
– पिवळ्या तापाच्या लसीचं पुस्तक.
– सही झालेला करार आणि जॉइनिंग लेटर.
– पासपोर्ट साइझचे डझनभर फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचे.

लसीबद्दल थोडं. सिंगापूरला जाताना लस कशाला, असं वाटेल. पण जहाज सिंगापूरहून पुढे आफ्रिकेला किंवा ब्राझीलला जाऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची आणि टोचल्यापासून दहा दिवसांनी ती ग्राह्य धरतात. तिकीट आल्यावर धावपळ करून भागत नाही. एकदा घेतली की आता ती जन्मभर चालते, त्यामुळे कोर्स चालू असतानाच घेऊन टाका.

करार नीट वाचा. पगार किती, ओव्हरटाइम कसा, कंत्राट किती महिन्यांचं, घरी पैसे कोणत्या तारखेला, आजारी पडल्यास आणि कंत्राट संपल्यावर परतीचा खर्च कुणाचा. इंग्रजी समजत नसेल तर कोर्सच्या सरांना फोटो पाठवा. न वाचता सही करण्याइतकी घाई कुठल्याच जहाजाला नसते.

सगळ्याचे तीन संच करा. मूळ कागद एका वॉटरप्रूफ पाऊचमध्ये, झेरॉक्स बॅगेत आणि स्कॅन ईमेलवर. एक संच घरीही ठेवा आणि घरच्यांना तो कुठे आहे ते दाखवून ठेवा.

४. बॅग भरताना आईला हे वाचून दाखवा

आपल्याकडे पोरगं परदेशी निघालं की घर चार दिवस फराळ करतं. माझ्या आईने अनारसे केले होते. गोल, जाळीदार, वरून खसखस लावलेले. बॅगेत भरून झाले आणि रात्री सहज कोर्सच्या सीनियरला फोन केला. तो ओरडलाच, "खसखस? काढ आधी!" सिंगापूरमध्ये खसखस प्रतिबंधित आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. तिथला अमली पदार्थांचा कायदा फाशीपर्यंत जातो आणि विमानतळावर कुणी अनारशाची गोष्ट ऐकत बसत नाही. आई रात्री साडेअकराला ते अनारसे डब्यातून काढत होती, तिचं तोंड अजून आठवतं. खसखस काळ्या मसाल्यात असते, काही लाडवांत असते. घरचा मसाला न्यायचा असेल तर त्यात ती घातली नाही याची खात्री करा. शेंगदाण्याची चटणी, चकल्या, शंकरपाळे न्या, त्यांना हरकत नाही.

दुसरी गोष्ट तंबाखू. गायछाप, गुटखा, जर्दा, खैनी, काहीही नको. चघळायच्या तंबाखूवर तिथे बंदी आहे. ई-सिगारेटवरही आहे. साधी सिगारेट नेली तर पहिल्या कांडीपासून कर लागतो, त्यात सूट नाही. च्युइंगगम आत न्यायला बंदी आहे. खिशातली चुन्याची डबी घरीच ठेवून निघा. सवय असेल तर कोर्समध्ये असतानाच सोडा, जहाजावर सुटेल या भरवशावर राहू नका.

औषधं नेताना डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी हवी. झोपेच्या गोळ्या किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध परवानगीशिवाय नेऊ नका. आणि विमानतळावर ओळख काढून कुणी "एवढं पाकीट माझ्या भावाला द्या" म्हणालं, तर तो आपल्या गावचा असला तरी नाही म्हणा.

बॅग एकच मोठी आणि पाठीवरची एक लहान. चाकांची कडक सुटकेस शक्यतो टाळा, कापडी बॅग दोरीने वर ओढायला सोपी जाते. का, ते पुढे येईलच.

५. मुंबई, विमान आणि चांगी

निघण्याआधी बहुतेक कंपन्या मुंबईत बोलावतात, कागद तपासतात, माहिती देतात. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेसने सकाळी पोचून रात्रीचं विमान पकडू असा हिशोब करू नका. एक दिवस आधी जा. गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही आणि तुमच्या जागेवर दुसरा जातो.

विमानात बसण्याआधी कंपनीकडून घ्यायचे कागद: जॉइनिंग लेटर, सिंगापूरच्या एजंटचं हमीपत्र, ओके-टू-बोर्डची (विमानात बसू द्यायला हरकत नसल्याची) नोंद आणि एजंटचा चालू फोन नंबर. व्हिसाची जी काही व्यवस्था लागेल ती कंपनी आणि तिथला एजंट बघतात. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते कंपनी भरणार की तुम्ही, हे विचारून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती सरकारी नाही, बंद करा.

मुंबईहून साधारण साडेपाच तास. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, इमिग्रेशनला पासपोर्ट, सीडीसी आणि एजंटचं पत्र एकत्र पुढे करा. "जॉइनिंग शिप" आणि जहाजाचं नाव, एवढं उत्तर पुरतं. आपली पोरं घाबरून जास्त बोलतात, मग जास्त प्रश्न येतात. हे कागद चेक-इन केलेल्या मोठ्या बॅगेत टाकून आलेला एक मुलगा मी तिथेच पाहिला. बॅगेच्या पट्ट्यापर्यंत जायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं आणि इमिग्रेशन ओलांडायला कागद लागतात. एजंटचा माणूस येईपर्यंत तो तीन तास खुर्चीवर बसून होता.

बाहेर नावाची पाटी घेतलेला माणूस असतो. नसला तर तिथून हलू नका, फोन लावा.

६. बंदर समजून घ्या, म्हणजे भांबावणार नाही

मी समुद्र पहिल्यांदा मुंबईतच पाहिला होता. त्याआधी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. सिंगापूरला लाँचमधून, म्हणजे जहाजापर्यंत नेणाऱ्या छोट्या बोटीतून बाहेर पडलो आणि समोर जहाजंच जहाजं, नांगर टाकून उभी, क्षितिजापर्यंत. यातलं आपलं कुठलं, याचाच धसका बसला.

सिंगापूर हे बेट आहे. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी, विषुववृत्तापासून दीडशे किलोमीटरच्या आत. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारा बराचसा माल याच चिंचोळ्या वाटेने जातो. २०२४ मध्ये या बंदराने ४ कोटी ११ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी मापाने मोजलेले कंटेनर हाताळले. याच्या पुढे फक्त शांघाय. यातले बहुतेक कंटेनर सिंगापूरमध्ये राहायला येत नाहीत. एका जहाजातून उतरतात आणि दुसऱ्यात चढतात. आपल्याकडे परभणी-परळी जंक्शनला माणसं गाडी बदलतात, तसं.

जहाजांना इंधन भरण्यात मात्र हे जगात पहिलं आहे. त्यामुळे कितीतरी जहाजं धक्क्याला लागतच नाहीत. बाहेर अँकरेजला, म्हणजे नांगर टाकायच्या जागी थांबतात, तेलाची बार्ज शेजारी येते, किराणा येतो, माणसं बदलतात आणि जहाज पुढे निघतं. तुमचं जॉइनिंगही बहुधा तिथेच होईल, समुद्रात.

कंटेनरचे धक्के वेगवेगळे आहेत. शहराजवळचे तांजोंग पागार, केपेल आणि ब्रानी, थोडं पश्चिमेला पासिर पांजांग आणि अगदी टोकाला तुआस. तुआस २०२२ मध्ये रीतसर सुरू झालं, तिथे कंटेनर वाहणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हर नाही. शहराजवळचं काम हळूहळू तिकडेच हलवतायत आणि २०४० च्या दशकात सगळं एका जागी आणायचं ठरलंय. हे सांगायचं कारण, जुनी माणसं सांगतात तो धक्का आज तुमच्या जहाजाचा असेलच असं नाही. एजंटला धक्क्याचं किंवा अँकरेजचं नाव विचारून वहीत लिहा.

प्रवासी जहाजांचं क्रूझ सेंटर मरीना साउथला आहे आणि त्याला लागूनच मरीना साउथ पिअर, जिथून आपल्यासारखे खलाशी लाँच पकडतात. एका बाजूला दहा-पंधरा मजली पांढरी क्रूझ, बायका-पोरं रेलिंगवर उभी, आणि दुसऱ्या बाजूला बॅगा घेऊन रांगेत बसलेले आपण.

७. लाँच आणि शिडी

या भागासाठी मी मुद्दाम जास्त जागा ठेवली आहे. कागदाची चूक निस्तरता येते, इथली निस्तरता येत नाही.

पिअरवर पुन्हा इमिग्रेशन होतं, पासपोर्टवर किंवा यंत्रात तुमची बाहेर पडल्याची नोंद होते. मग लाँच. बसताना लाइफ जॅकेट घाला. कुणी घातलं नसलं तरी तुम्ही घाला आणि पट्टे आवळा. हवा दमट असते. आपल्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्याला उन्हाचा त्रास होत नाही, घामाचा होतो. निघण्याआधी पाणी प्या.

लाँच जहाजाच्या कुशीला लागली की वर बघून छाती दडपते. रिकामं जहाज पाण्याबाहेर तीन-चार मजले उंच असतं. बाजूला गँगवे, म्हणजे ॲल्युमिनियमची तिरकी शिडी सोडलेली असते. जहाज फार उंच असेल तर खाली दोरांची पायलट शिडी आणि वर गँगवे, अशी जोडून असते.

आता नीट वाचा. मोबाइल खिशात, खिशाची चेन बंद. दोन्ही हात मोकळे. कागदांचं पाऊच छातीशी, लाइफ जॅकेटच्या आत. बॅग हातात घेऊन चढायचं नाही. वरून दोर किंवा क्रेन येते, बॅगा जाळीत घालून वर जातात. आमच्याबरोबरच्या एकाची सुटकेस जहाजाच्या अंगावर आपटून फुटली आणि अर्धे कपडे पाण्यात पडले. त्याचे कागद गळ्यात होते म्हणून तो वर गेला.

लाँच लाटेबरोबर वर-खाली होत असते. घाई करू नका, दोन-तीन लाटा नुसत्या बघा. वर येते, क्षणभर थबकते, मग खाली जाते. थबकते तेव्हा पाय टाकायचा. पहिला पाय टाकला की लगेच दोन-तीन पायऱ्या चढा, कारण पुढच्या लाटेने लाँच वर आली तर पाय तिच्या आणि शिडीच्या मध्ये सापडू शकतो. दोरांच्या शिडीवर बाजूचे दोर घट्ट धरा, अंग शिडीजवळ ठेवा, खाली बघू नका. एका वेळी एकच माणूस.

शिडी तुटकी दिसली, जाळी नसली, लाट जास्त वाटली, तर चढत नाही म्हणून सांगा. पहिल्या दिवशी असं बोलायला जीभ वळत नाही, मला माहीत आहे. तरीही बोला. वरचा अधिकारी शिडी नीट करून देतो, ते त्याचं कामच आहे.

विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली पोरं समुद्राला भीत नाहीत. ते चांगलंच आहे. पण जहाज आणि लाँच यांच्यामधल्या पाण्यात पोहणं उपयोगाला येत नाही.

८. जहाजावरचे पहिले चोवीस तास

गँगवेवर नाव लिहून घेतात, बॅग तपासतात. पासपोर्ट आणि सीडीसी कॅप्टनकडे जमा होते, घाबरू नका, ती रीतच आहे. दिल्याची नोंद तेवढी ठेवा. मग सेफ्टी ऑफिसर फिरवून दाखवतो. थकलेले असाल, झोप येत असेल, तरी चार गोष्टी त्याच दिवशी पाठ करा: तुमचं मस्टर स्टेशन (धोक्याच्या वेळी जमायची जागा), तुमची लाइफबोट, केबिनपासून तिथे जायच्या दोन वाटा आणि सातदा लहान व एकदा लांब वाजणारा धोक्याचा भोंगा.

तुम्ही ट्रेनी किंवा ओएस, म्हणजे नवखे खलाशी असाल. वर एबी, त्यावर बोसन, ज्याला जुने लोक सारंग म्हणतात. बोसनशी नीट राहा. इंग्रजी मोडकं असलं तर लाजू नका. न समजता "यस सर" म्हणण्यापेक्षा "अगेन सर" म्हणा. माझ्या पहिल्या बोसनला, तो फिलिपिनो होता, मी दिवसातून वीसदा परत विचारायचो. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. न विचारता चुकीचा दोर सोडला त्या दिवशी मात्र त्याने मला सगळ्यांसमोर झापलं.

धक्क्याला लागताना मुअरिंगचे, म्हणजे जहाज बांधायचे दोर ताणाखाली असतात. तुटला तर चाबकासारखा परत येतो आणि वाटेत जे असेल ते कापतो. कुठे उभं राहायचं हे बोसन दाखवेल, तिथेच उभे राहा. ताणलेल्या दोराला ओलांडू नका, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नका.

सिंगापूर सामुद्रधुनीत रात्री छोट्या होड्यांतून येऊन सुटे भाग पळवणारे चोर असतात. म्हणून रात्रीची डेकवरची फेरी लागते. काही दिसलं तर आधी रेडिओवर ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत सांगायचं. एकट्याने जवळ जायचं नाही.

चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती हा तुमचा हक्क आहे. त्याची नोंद ठेवतात आणि तुमची सही घेतात. सही करण्याआधी आकडे वाचा.

पाणी बरंच जहाजावरच समुद्राच्या पाण्यापासून करतात. मशीन बंद पडलं की जपून वापरा अशी सूचना लागते. त्या दिवशी बाकीचे कुरकुरत होते. मी एका बादलीत अंघोळ आणि कपडे दोन्ही उरकले.

९. क्रूझवर जाणाऱ्यांसाठी

हॉटेल मॅनेजमेंट केलेली संभाजीनगर-नांदेडची पोरं आता क्रूझवर जायला लागली आहेत. काम वेगळं: किचन, हाउसकीपिंग, रेस्टॉरंट. चढणंही वेगळं, टर्मिनलमधून सरळ चालत जहाजात, लाँच नाही की दोर नाही. पण पायाभूत कोर्स, मेडिकल आणि करार त्यांनाही लागतात, शिवाय गर्दी सांभाळायचा कोर्स. फसवणूक याच बाजूला जास्त होते, कारण जाहिरातीत जहाज सुंदर दिसतं. पहिला मुद्दा तुम्हालाही तसाच लागू आहे. तासही लांब असतात, सुट्टीचा वार नसतो, हे घरून निघण्याआधी मनाशी धरा.

१०. किनाऱ्यावर उतरायला मिळालं तर

कंटेनर जहाज धक्क्याला कधीकधी दिवसभरही थांबत नाही, त्यामुळे भरवसा धरू नका. मिळालं तर शोअर पास (किनाऱ्यावर उतरायचा परवाना), परतीच्या लाँचची वेळ आणि एजंटचा नंबर या तीन गोष्टी कागदावर लिहून जवळ ठेवा, मोबाइलची बॅटरी संपते. मरीना साउथ पिअरला मेट्रो आहे. सेरंगून रोडला लिटल इंडियात वरण-भाताच्या जवळचं जेवण मिळतं आणि मुस्तफा सेंटरला सगळी खरेदी. कुठेही थुंकू नका, कचरा टाकू नका, सिगारेट ठरलेल्या जागीच. दंड मोठे आहेत. घरी फोन करताना अडीच तास आठवा, नाहीतर पहाटे फोन वाजला की आई दचकून उठते.

११. उतरताना सीडीसी वाचा

कंत्राट संपून साइन-ऑफ होताना सगळे घरच्या ओढीने घाईत असतात. कॅप्टन सीडीसी परत देतो, त्यात जहाजाचं नाव, आयएमओ नंबर, चढल्याची आणि उतरल्याची तारीख, तुमचा हुद्दा, सही आणि शिक्का असतो. पुढच्या परीक्षा आणि बढती याच दिवसांवर मोजतात. माझ्या पहिल्या सीडीसीत चढल्याचा महिनाच चुकीचा पडला होता, एका महिन्याची नोकरी कागदावरून गेली असती. लाँचवाला खालून हाका मारत होता. मी कॅप्टनच्या दारात उभा राहिलो, पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, खोडून नवी तारीख घातली आणि शेजारी सही करून पुन्हा शिक्का मारला. तुम्हीही ते पान दारातच वाचा, लाँच थांबते.